माळ्यावरचा संगणक वाचनालयाला द्या

सभासद आणि वाचकहो,

अभ्यासिकेत सध्या चार संगणक चालतात. चारही कुणी ना कुणी ‘आता भंगारातच’ म्हणून सोडून दिलेले. त्यातला एक आला तेव्हा चालू केल्यावर तारीख १ जानेवारी २००९ दाखवायचा, दोनदा बीप करायचा आणि गप्प. उघडून पाहिलं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर चढलेला. ब्रशने धूळ काढली, रॅमच्या (चालू कामापुरत्या तात्पुरत्या मेमरीच्या) पट्टीची सोनेरी कड साध्या खोडरबराने घासून पट्टी पुन्हा बसवली, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदलला आणि लुबुंटू टाकलं. हे विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं हलकं लिनक्स. आता मुलं त्याच्यावर लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये मराठीत निबंध टाइप करतात.

अडचण एवढीच की संगणक चार आणि बसणारे पुष्कळ. आणखी किमान सहा जागा कराव्यात असं कार्यकारिणीने ठरवलं आहे, त्यासाठी हे आवाहन.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तेव्हा ती नसलेले चांगले धडधाकट संगणकही बाद ठरले. तुमच्याकडे असा एखादा असेल तर तो आम्हाला हवा आहे. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली तर उत्तम, २ जीबीवरही भागवू. ३२ बिटच्या, म्हणजे त्याहून जुन्या धाटणीच्या मशिनचं मात्र कठीण झालंय. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही १३व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. तशी मशिन सुट्या भागांसाठी घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण काहींचा भलताच समज होतो. हलकं लिनक्स म्हणजे जादू नव्हे. लुबुंटू किंवा एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं मिंट (हेही लिनक्सच) स्वतः कमी रॅम खातं हे खरं, पण ब्राउझर उघडून दहा टॅब लावले की रॅम तिथेच संपते. २ जीबीचं मशिन लिहिण्या-वाचण्याला ठीक. त्यावर व्हिडिओचे तास बघायचे म्हटलं तर दम लागतो. खरा फरक पडतो तो एसएसडीने, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कने. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारी सुई जागा शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यामुळे संगणक द्यायला नसेल, तर १२० जीबीची छोटी सॅटा (जुन्या संगणकांत बसणाऱ्या जोडणीची) एसएसडी किंवा डीडीआर३ (जुन्या पिढीच्या) रॅमची पट्टी द्या. पैशांपेक्षा याची गरज जास्त आहे.

‘आतल्या फोटोंचं, कागदपत्रांचं काय?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि विचारायलाच हवा. नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. आम्ही संपूर्ण हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून ती पुसतो आणि हवं तर तुमच्यासमोर पुसतो. तरीही मन घेत नसेल तर डिस्क काढून ठेवा, बाकीचा डबा द्या. बायोसला (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) पासवर्ड असेल तर तो आधी काढून द्या. मागच्या वेळी त्यापायी एक अख्खी दुपार गेली.

बॅटरी फुगलेला लॅपटॉप मात्र आणू नका, घरीही चार्जिंगला लावू नका. तो थेट ई-कचऱ्यात द्यायचा. काचेचे जाडजूड मॉनिटर आणि प्रिंटर ठेवायला आमच्याकडे जागा नाही.

माणसंही हवी आहेत. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरता येतो अशी दोन-तीन, रविवारी सकाळी. आणि एक जण असा, जो नव्याने येणाऱ्यांच्या शेजारी न वैतागता बसेल. पहिल्या आठवड्यात ‘माझी फाइल गेली कुठे?’ हे त्याला दिवसातून वीसदा ऐकावं लागेल. लिनक्स यायलाच हवं असं नाही, ते आम्ही शिकवू.

सामान वाचनालयाच्या वेळेत देवघेवीच्या टेबलावर द्या, पोच मिळेल. लॅपटॉप देणाऱ्यांनी चार्जर विसरू नये. चार्जरवाचून तीन लॅपटॉप आमच्या कपाटात आधीच पडून आहेत.

कार्यकारिणीच्या वतीने,
कार्यवाह