मेळघाट पदभ्रमंतीबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी पहाटे साडेपाच वाजता परतवाडा बसस्थानकासमोर जमून आपण चिखलदऱ्याकडे निघणार आहोत. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने वनखात्याने परवानगी दिलेली वाट आणि वाटाड्याची सोबत कोणीही सोडू नये.

या भ्रमंतीत चढाईपेक्षा कोरकू आदिवासींच्या गावातील मुक्काम महत्त्वाचा आहे. त्यांची कोरकू ही मराठीची बोली नसून मुंडा भाषाकुळातील स्वतंत्र भाषा आहे, त्यामुळे वाटाड्याकडून चार शब्द आवर्जून शिकून घ्यावेत. नुसत्या हिंदीवर भागवणे मला तरी बरे वाटत नाही. गावाजवळ मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले, सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले लाकडी खांब दिसतील. मागच्या खेपेस आपल्यापैकी एकाने अशा खांबावर ओला टॉवेल वाळत घातला. एका आजीबाईंनी तो काहीही न बोलता उतरवला, घडी करून परत दिला आणि खांब पदराने पुसला. ते पाहून मान खाली गेली. असे पुन्हा घडू नये.

सध्या मोहफुलांचा हंगाम असून, मोहाच्या झाडाखालची, गळालेली फुले वेचण्यासाठी झाडून ठेवलेली जागा हे वेचणाऱ्या कुटुंबाच्या कमाईचे ठिकाण असते, म्हणून तिथे पाय ठेवू नये. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. जेवणाचे ठरलेले पैसे रांधणाऱ्या बाईंच्याच हाती द्यावेत आणि त्यात घासाघीस करू नये. पाण्याची बाटली, टॉर्च व पांघरूण सोबत आणावे. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावे कळवावीत.