सातबारा घेऊन आलेल्या काकांचे आणि इतरांचे आभार

कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांच्या, हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या न्यासाचे विनामानधन अध्यक्षपद मी गेल्या आठवड्यात नव्या सहकाऱ्यांकडे सोपवले. हार माझ्या गळ्यात पडले. ते ज्यांच्या हक्काचे होते त्यांनी नावे छापू नका असे बजावले आहे, म्हणून हे निनावी आभार.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला जामीनदाराशिवाय, वैयक्तिक बंधपत्रावर सोडावे. प्रत्यक्षात जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी माणूस आतच राहतो. अशा एका अनोळखी मुलाला जामीनदार राहण्यासाठी स्वतःचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला कापडी पिशवीत घालून पहाटेच्या एसटीने आलेले आणि न्यायालयात नाव पुकारेपर्यंत पाच तास बाकावरून न उठलेले शेतकरी काका मी विसरू शकत नाही.

प्रतिज्ञापत्रांचे पैसे कधीच न घेणाऱ्या टंकलेखक ताईंचे, तसेच विश्वस्त बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या मुदतीत जावा म्हणून माझ्यावर चक्क ओरडलेल्या हिशेबनिसांचेही (चूक माझीच होती) मनःपूर्वक आभार.

काका, तुमची पिशवी कार्यालयातच राहिली आहे. सातबारा आत सुखरूप आहे.