डिस्चार्ज कार्डावर दातांसाठी दोन ओळी हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला हृदयरुग्णांच्या दातांविषयीचा लेख वाचला. ‘हृदयरुग्णांनी’ दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावे, असा त्याचा एकूण रोख होता. विषय घेतलात हे चांगलेच झाले. पण ‘हृदयरुग्ण’ हा शब्द इथे फार ढगळ पडतो. बायपास झालेला, स्टेंट घातलेला, पेसमेकर बसवलेला असे सगळेच त्यात येतात, आणि त्यांना केवळ तेवढ्यासाठी दाताच्या कामाआधी या गोळ्या लागत नाहीत. ज्यांना लागतात त्यांना मात्र नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. हे मी घरच्या अनुभवावरून लिहितो आहे.

माझ्या पत्नीच्या हृदयाची एक झडप अकरा वर्षांपूर्वी बदलली. झडप धातूची आहे. रात्री खोलीत सामसूम झाली की तिची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला त्या आवाजाने मला झोप लागत नसे. आता कूस बदलताना आधी तोच कानोसा घेतो. शस्त्रक्रियेनंतर हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर मीठ, जिने, वजन उचलणे, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी), सगळे होते. दात हा शब्द कुठेही नव्हता. ती जागा नातेवाइकांनी भरून काढली. ‘रक्त पातळ आहे, दाताला हात लावू देऊ नका, रक्त थांबायचं नाही.’ तिने ते शब्दशः पाळले.

ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायचे. त्या धास्तीने तिने ब्रश सोडून बोट धरले, पुढे पुढे नुसत्या चुळांवर भागवू लागली. म्हणजे हिरड्यांतून रक्त येते म्हणून दात घासायचे नाहीत, घासले नाहीत म्हणून कीटण साचायचे, आणि कीटणाने हिरड्या आणखी सुजायच्या. खालची डावी दाढ हलायला लागली तेव्हाही आम्ही दंतवैद्याकडे गेलो नाही.

मग ताप सुरू झाला. फार नाही, संध्याकाळी शंभराच्या आतबाहेर. रात्री घामाने उशी ओली व्हायची, भूक गेली, ब्लाउज सैल झाले. घरात कुणासाठी तरी आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या मीच तिला तीन दिवस दिल्या. ताप उतरला. मला स्वतःचे कौतुक वाटले. दहा दिवसांनी तो परत आला. हृदयतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या गोळ्यांविषयीच. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप आला तर आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घ्यायचे असते, अँटिबायोटिक नंतर. उलटे केले तर रक्तातले जंतू दबतात, कल्चर कोरे येऊ शकते, आणि नेमके कशावर औषध द्यायचे तेच कळत नाही. तिचे रक्त तीन वेळा घेतले. सुदैवाने जंतू वाढले, आणि ते तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या कुळातले निघाले. निदान एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपेला झालेला जंतुसंसर्ग. सहा आठवडे शिरेतून औषध चालले.

त्याच काळात तिची दाढ काढली. दंतवैद्यांनी हिरडी बोटाने जराशी दाबली आणि गॉजवर आलेला पू मला दाखवला. जंतू तिथूनच गेले असे मात्र कोणीही छातीठोकपणे म्हटले नाही, आणि मीही म्हणणार नाही. आजारी हिरड्यांतून जंतू रक्तात जायला दात उपटावा लागत नाही. चावताना, घासतानाही ते जातात. धडधाकट माणसाच्या शरीरात त्यांचा थोड्या वेळात निकाल लागतो. कृत्रिम झडपेवर त्यांना बूड टेकायला जागा मिळते, एवढाच फरक.

या बाबतीत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे मला फार बोलके वाटतात. 290 जणांचे तीन गट केले होते. ज्यांनी फक्त ब्रश केला त्यांच्यापैकी 23 टक्क्यांच्या रक्तात एंडोकार्डायटिस घडवू शकणारे जंतू सापडले. गोळीशिवाय दात काढलेल्यांत 60 टक्के आणि अमॉक्सिसिलिन घेऊन दात काढलेल्यांत 33 टक्के. म्हणजे गोळीने धोका घटतो, नाहीसा होत नाही. दात काढणे आयुष्यात चारदोनदा होते. दिवसातून दोनदा ब्रश म्हणजे वर्षाला 730 वेळा. यावरून ब्रशच नको, असे कुणी म्हणेल (आमच्याकडे म्हणालेच!). खरे तर ज्यांच्या दातांवर कीटण जास्त, घासताना हिरड्यांतून रक्त जास्त, त्यांच्याच रक्तात जंतू जास्त जातात. हिला मऊ ब्रश दिला, वर्षातून दोनदा दात साफ करून घेणे सुरू केले, आणि दोन महिन्यांत बेसिनमधले गुलाबी पाणी थांबले. रक्त पातळ करणारी गोळी तीच, तेवढीच.

गोळ्या कुणी घ्यायच्या याची यादी 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने बरीच आखडती केली. कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य बसवलेले. पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले. जन्मजात हृदयदोषांपैकी काही, विशेषतः निळसरपणा आणणारे आणि दुरुस्त न झालेले. आणि हृदयरोपणानंतर झडपेत बिघाड झालेले. कामेही ठराविकच: दात काढणे, हिरडीखालची सफाई, मुळाच्या टोकाशी केलेले काम. एक्स-रे काढायला किंवा मुलाचा दुधाचा दात आपोआप पडला तर काही लागत नाही. मोठ्यांसाठी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, एकदाच, कामाआधी 30 ते 60 मिनिटे. आम्हाला पूर्वी एकाने पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला होता; त्याची गरज नव्हती. पेनिसिलिनची अॅलर्जी असणाऱ्यांना क्लिंडामायसिन देत असत, ते 2021 पासून या कामासाठी सुचवले जात नाही, कारण आतड्यांवर त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. अशांसाठी दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टरांनीच ठरवायची. संधिवाताच्या तापामुळे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की तेच इथेही चालेल. ते चालत नाही. वरच्या यादीत ते बसत असतील, तर त्यांना वेगळ्या गटातले औषध लागते.

तज्ज्ञांतही यावर एकमत नव्हते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2008 मध्ये अशी अँटिबायोटिक्स कुणालाच देऊ नयेत असे सांगितले. पुढे एंडोकार्डायटिसचे प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढल्याचा अभ्यास 2015 मध्ये आला. गोळ्या बंद केल्यामुळेच ते वाढले, हे त्यातून सिद्ध झाले नाही. तरी 2016 मध्ये त्या वाक्यात एक शब्द वाढला: ‘सरसकट’ देऊ नयेत. एका शब्दाने डॉक्टर-रुग्णांना बोलायला जागा झाली. आपल्या लेखातल्या ‘हृदयरुग्ण’ या शब्दावर मी अडून बसलो तो याचसाठी.

आणि रक्तस्रावाच्या भीतीने रक्त पातळ करणारी गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नये. धातूच्या झडपेवर गुठळी होणे हे हिरडीतल्या रक्तापेक्षा कितीतरी भयंकर. दाढ काढायच्या आधी हिचे आयएनआर पाहिले, काढल्यावर टाके घालून गॉज दाबून धरायला दिला. रक्त थांबले.

माझी मागणी लहान आहे. झडपेच्या शस्त्रक्रियेआधीच तोंडाची तपासणी व्हावी, आणि डिस्चार्ज कार्डावर या यादीतल्या रुग्णांसाठी दोन ओळी छापाव्यात: दंतवैद्याकडे नेमाने जा आणि हे कार्ड दाखवा, ताप आला तर रक्त तपासल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. दंतवैद्यांनीही आपला फॉर्म बदलावा. ‘हृदयविकार आहे का? हो/नाही’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून काय कळणार?

गेल्या महिन्यात आम्ही नव्या दवाखान्यात गेलो तेव्हा फॉर्मवर हाच प्रश्न होता. हिने ‘हो’वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, ‘धातूची झडप. एकदा जंतुसंसर्ग झालेला. रक्त पातळ करण्याची गोळी चालू.’ टेबलापलीकडच्या मुलीने ते वाचले, घड्याळ पाहिले आणि विचारले, ‘काकू, सकाळच्या कॅप्सूल किती वाजता घेतल्या?’

‘सव्वादहाला. चारही.’

‘मग अकराला आत घेते.’

आपला,
एक वाचक