आई पण बालक, बाळ पण बालक, मग घरं दोन कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधे फॉस्टर केअरवर बातमी होती, म्हणजे ज्यांना घर नाही अशी मुलं सरकारी देखरेखीखाली एखाद्या कुटुंबात ठेवायची ते. बातमी चांगली होती. पण कडेवर बाळ घेऊन आलेली सतरा वर्षांची आई, तिला कुणाच्या घरी ठेवायचं हे त्यात नव्हतं, ते कधीच नसतं, म्हणून लिहितेय.

मी गुहागर तालुक्यात २२ वर्षं अंगणवाडी चालवते. दोनेक वर्षांपूर्वी अशी एक पोरगी होती, आईबाप होड्यांवर कामाला, आज या बंदरात तर उद्या त्या. डिलिव्हरी झाली, वय १८ च्या आत म्हणून पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं आलं, ते बरोबरच आहे, त्याची तक्रार नाही. पण घरचे न्यायला तयार नाहीत, मग पोरगी मुलींच्या बालगृहात आणि बाळ शिशुगृहात, मधे एसटीचे अडीच तास. अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे तिची तारीख होती तेव्हा मी सोबत गेलेले. बाहेर बाकावर बसलो होतो, आत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, दुसऱ्याच कुणाचं, आणि हिच्या ड्रेसवर पुढे दोन ओले डाग पसरले. ओढणी पुढे ओढून घेत मला म्हणते, "ताई, तो आता काय पितो ओ?" डब्यातली पावडर पितो हे मला माहीत होतं, पण सांगवलं नाही.

बाळ सोडायचं ठरवलं तरी कायदा आईला दोन महिने देतो फेरविचाराला. पण तो करायचा कुठे बसून? मांडीवर बाळ नाही, डोक्याला कुणी तेल लावणारं नाही, आणि विचार करा म्हणे. मुळात २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ च्या आतली म्हणजे ती पण बालकच. फॉस्टर केअरच्या २०२४ च्या नव्या नियमावलीत एकट्या माणसालाही फॉस्टर पालक होता येतं, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मुलामागे महिना ४००० रुपयेही आहेत, फक्त तिथे डोळ्यासमोर आहेत ती सहा वर्षांवरची मुलं. म्हणजे आई बसते त्यात, तिचं दोन महिन्यांचं पोर नाही बसत.

माझी भाची ब्रिटनमध्ये नर्स आहे, तिच्याकडून कळलं की तिकडे आई आणि बाळ दोघांना एकाच घरी फॉस्टरला ठेवतात, कधी कोवळ्या वयाचा बापही असतो. साधारण १२ आठवडे. घरातल्या बाईने बाळाचं सगळं आपल्या अंगावर घ्यायचं नाही, रात्री रडलं तर आईनेच उठायचं, तिला येत नसेल तर शेजारी उभं राहून शिकवायचं, आणि रोजचं वहीत लिहून ठेवायचं, ते पुढे कोर्टात बघतात. ही वही मला काही पटली नाही. पोरीला सारखं वाटत राहणार की आपली परीक्षा चाललीय, आणि आमच्याकडे तर वहीशिवायच सगळी आळी मार्क देत असते!

पण बाकी सगळं आपलंच आहे ना ओ. पहिलटकरणीला माहेरी आणायचं, शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं ते आजीने दाखवायचं, हे कोकणात कुणाला शिकवायला नको. आणि घरं? गावात आठ-दहा खोल्यांच्या घरात दोन म्हातारी माणसं, बाकी खोल्यांना कुलूप, चाकरमानी आले की गणपतीत उघडायच्या.

लोक म्हणतील असल्या पोरीला घरात घेतली तर गाव काय बोलेल. बोलेल की. १८९३ ला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं, आज तिथेच पर्यटकांना आपण कर्वे इथले म्हणून सांगतो. आणि त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात अडलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आपलं दार उघडलं होतं, तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला.

मला भीती वेगळीच आहे, फुकटची मोलकरीण मिळाली म्हणून कुणी पोरीला भांडी-धुणी आणि काजू सोलायला लावील. त्यासाठी महिन्या-पंधरा दिवसांनी न सांगता येऊन बघणारं माणूस पाहिजे, आणि तिची शाळा परत सुरू झालीच पाहिजे, ती शाळेत असताना बाळ अंगणवाडीत किंवा घरात कुणी बघेल. १८ पूर्ण झाली की बालगृहातून निघायचं, पुढे २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, तीही बाळासकट असू दे.

मी एका ऑफिसात जाऊन विचारलं, मायलेकरांना एकत्र घ्यायचं तर फॉर्म कुठला? तिथल्या साहेबांनी दोन फॉर्म काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, दोघांसाठी असा एक नाही आमच्याकडे. दोन्ही घरी आणलेत. आमची मागीलदारची खोली रिकामी आहे, पाळणा माळ्यावर आहे, त्याची दोरी तेवढी बदलायला लागेल.

– एक अंगणवाडी सेविका, ता. गुहागर