परवान्याचं टेबल आणि कॉलेजचा बंदूकधारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकपत्रांत एका प्राध्यापक महोदयांचं पत्र छापून आलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांतले गोळीबार पाहता आपल्याकडेही मोठ्या कॉलेजांच्या फाटकावर बंदूकधारी रक्षक नेमावा, असं त्यांचं म्हणणं. त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरं टोक वाचलं : ‘तिकडे बंदुका भाजीसारख्या मिळतात, मग दुसरं काय होणार!’ दोघांनाही मला थोडं सांगायचं आहे. नोकरीतली नऊ वर्षं मी कोकणातल्या एका जिल्ह्यात हत्यार परवान्यांच्या टेबलावर काढली. आणि आमची धाकटी मुलगी शिकली ती अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, जिथे १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या गोळीबारात ३२ माणसं मारली गेली.

तिच्या पदवीदानाला आम्ही उभयता २०१८च्या मे महिन्यात गेलो होतो. मोठ्या मैदानाच्या कडेला अर्धवर्तुळात ३२ दगड मांडलेले आहेत. त्याच भागातला करडा दगड, विद्यापीठाच्या बहुतेक इमारती ज्याच्या आहेत तोच. प्रत्येकावर एक नाव. त्यांत एक मुंबईहून शिकायला गेलेल्या मुलीचं आहे, एक मूळ तमिळनाडूच्या प्राध्यापकांचं. सौभाग्यवती प्रत्येक दगडापाशी थांबून नाव वाचत होत्या. मला मात्र नोकरीची खोड. मी मुलीला विचारलं, “त्याला बंदूक दिली कोणी? म्हणजे कागदावर?”

तिने मला चौकशी समितीचा अहवाल काढून दिला. राहिलेले दिवस मी तोच वाचत बसलो, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली.

तर भाजीवाल्यांसाठी पहिली गोष्ट. त्या मुलाने दोन्ही पिस्तुलं रीतसर विकत घेतली. एक फेब्रुवारीत, एक मार्चमध्ये. व्हर्जिनियात तेव्हा महिन्याला एकच हॅन्डगन घेता येई. त्याने नियम पाळला, मधे महिना जाऊ दिला. फॉर्म भरला, त्यावर सही केली, दुकानदाराने संगणकावर विचारणा केली आणि हरकत नसल्याचं उत्तर आलं. खरं तर यायला नको होतं. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्याच एका न्यायाधिकाऱ्याने ‘मानसिक आजारामुळे याच्यापासून याच्याच जिवाला धोका आहे’ असा निष्कर्ष नोंदवून बाहेरून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. असा आदेश झालेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक विकता येत नाही. पण राज्याची पद्धत अशी, की इस्पितळात दाखल करण्याचे आदेश तेवढे बंदूक नाकारायच्या माणसांच्या यादीत कळवायचे, बाहेरून उपचारांचे नाही. तेव्हा यादीत त्याचं नाव नव्हतं. घटनेनंतर दोन आठवड्यांत, ३० एप्रिलला, गव्हर्नर टिम केन यांनी हुकूम काढून ही फट बुजवली. जानेवारी २००८ मध्ये केंद्राचाही कायदा झाला. जे पंधरवड्यात करता आलं, ते आधी कोणाला सुचलं नव्हतं.

पुढचं ऐकून माझ्या जुन्या साहेबांनी कपाळावर हात मारला असता. त्या मुलाची विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातली फाइल चौकशीच्या वेळी सापडलीच नाही. २००९ साली ती मिळाली त्या समुपदेशन केंद्राच्या माजी संचालकांच्या घरी. पद सोडताना त्यांच्या कागदांबरोबर गेलेली! हे वाचून मी जरा हसलो, नंतर ओशाळलो. कारण अशी एक गोष्ट माझ्याही खाती आहे.

आमच्या जिल्ह्यातले बहुतेक परवाने शेतीसंरक्षणाचे. ठासणीच्या बंदुका, फार तर एकनळी. रानडुकरं, माकडं, पुढे पुढे गवेही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत न्यायची. म्हातारे खांद्यावर बंदूक, हातात छत्री अशा थाटात एसटीतून उतरत. एक दिवस टेबलापाशी एक शेतकरी आला. परवाना त्याच्या भावाच्या नावावर. म्हणाला, “सायबा, तो आता पयल्यासारखो रवलो नाय. रातीचो उठता नि बंदूक पुसत बसता.” मी त्याला सांगितलं, लेखी अर्ज द्या. तो हो म्हणाला आणि गेला. त्याला लिहिता येत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं. बारा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना मला तो आठवला. तसाच उठलो, त्या हद्दीच्या हवालदाराला फोन लावला, आणि संध्याकाळपर्यंत बंदूक ठाण्यात आली. अर्ज, पंचनामा, नोटीस, सगळं मागाहून केलं. विपरीत काही घडलं नाही, म्हणून त्या बारा दिवसांची नोंदही कुठे नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

ब्लॅक्सबर्गमध्येही भाऊ येऊन सांगून गेले होते, एक नव्हे अनेक. इंग्रजी विभागातल्या प्राध्यापकांनी त्याच्या लिखाणाबद्दल आणि वागण्याबद्दल वरिष्ठांना कळवलं होतं. मुलींनी विद्यापीठाच्या पोलिसांत तक्रारी केल्या होत्या. वसतिगृहाला माहीत, पोलिसांना माहीत, समुपदेशकांना माहीत, पण ज्याचं त्याच्या टेबलावर. खासगीपणाच्या कायद्याने एकमेकांना सांगता येत नाही, असा सगळ्यांचा समज. समितीने स्पष्ट लिहिलं की कायदा एवढा आडवा येत नव्हता.

आता एक कबूल करतो. माझ्या टेबलाचा मला अभिमान असला तरी आमची वही चालते ती मुळात बंदुका कमी म्हणून. आपल्याकडे अर्जदाराने सांगायचं असतं, बंदूक कशासाठी हवी. १९५९चा हत्यार कायदा तिथूनच सुरू होतो. व्हर्जिनियात सरकारने सांगायचं असतं, का देता येत नाही. हत्यार बाळगण्याचा हक्क देणारी १७९१ सालची घटनादुरुस्ती बंदूक मागणाऱ्याच्या पाठीशी आहे, आणि २००८ व २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क आणखी पक्का केला. तिथला कारकून कितीही चोख असला तरी त्याच्या हातात फक्त नकाराची यादी, आणि तीही अपुरी. आपणही फार फुशारकी मारू नये. मध्य प्रदेशातल्या उमरटीहून येणाऱ्या गावठी पिस्तुलांना कुठला परवाना आणि कसलं नूतनीकरण?

आता प्राध्यापक महोदयांचा रक्षक. त्या सोमवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाचे पोलीस सशस्त्र होते आणि तिथे लगेच पोहोचलेही. त्यांचा अंदाज असा झाला, की हे आपसातलं प्रकरण असून मारेकरी आवाराबाहेर गेला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत गोळीबार सुरू झाला होता. बाहेरचे दरवाजे त्याने आतून साखळ्यांनी बांधले होते. दहा-अकरा मिनिटांत १७४ गोळ्या आणि ३० मृत्यू. वर्गांच्या दारांना आतून कुलूप लागत नव्हतं. लिव्हियू लिब्रेस्कू नावाचे ७६ वर्षांचे प्राध्यापक, हिटलरच्या काळातून वाचलेले, अंगाने दार दाबून उभे राहिले, तोवर मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ते तिथेच गेले. बंदूकधाऱ्यांची संख्या वाढवून काय होतं हे टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत मे २०२२ मध्ये दिसलं : ३७६ पोलीस जमले, आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

त्याच टेक्सासने विद्यापीठात परवानाधारकांना पिस्तूल लपवून बाळगायची मुभा दिली, ती १ ऑगस्ट २०१६ पासून. तिथल्याच ऑस्टिनमध्ये विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. तारीख ठरवताना कॅलेंडर कोणी पाहिलं नसेल, की पाहूनच ठरवली असेल? व्हर्जिनियातही असं विधेयक २००६च्या सुरुवातीला आलं होतं, समितीतच पडलं. वर्षभराने त्याच्या पुरस्कर्त्यांनी म्हणायला सुरुवात केली, की ते मंजूर असतं तर कोणीतरी उलट गोळी झाडली असती. नऊवारी काष्टा घालून शाळेत गेलेल्या माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं, “आणि मास्तरांची बंदूक पोरांनी घेतली तर?”

मी मात्र टेबलावरचेच प्रश्न विचारतो. कॉलेजचा रक्षक एजन्सीचा असणार, बारा तासांच्या पाळीचा. परवाना त्याच्या नावावर की एजन्सीच्या? पाळी बदलताना बंदूक कोण ताब्यात घेणार, काडतुसं मोजून सही कोण करणार? गॅदरिंगच्या रात्री ती कुठल्या कपाटात, आणि किल्ली कोणाकडे? रक्षक सोडून गेला तर किती दिवसांत कळवणार? बँकेच्या दारातल्या रक्षकाच्या बारा बोअर बंदुकीची ही उत्तरं मिळवताना आमची दमछाक व्हायची, आणि बँकेत निदान तिजोरी असते.

त्याऐवजी दोन स्वस्त गोष्टी पाहाव्यात. इथे कोल्हापुरात नातवाच्या कॉलेजात मी गेलो तेव्हा मुद्दाम बघितलं : वर्गांना बाहेरून कोयंडा आहे, आतून साधी कडी नाही. मुलीच्या विद्यापीठात आता वर्गावर्गांत सूचनेचे इलेक्ट्रॉनिक फलक लावलेत. आपल्याकडे निदान कडी तरी बसवता येईल, आणि ती चाकू, मारामारी, पिसाळलेलं कुत्रं, कशालाही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट प्राध्यापक महोदयांनाच विचारतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची धास्ती वाटते असं एखादी मुलगी उद्या सांगायला आली, तर ते कुठल्या वहीत लिहिलं जातं? ती वही रेक्टर, प्राचार्य आणि समुपदेशक यांच्यापैकी कोण वाचतं, आणि किती दिवसांनी? की तिलाही ‘लेखी अर्ज द्या’ असंच सांगितलं जातं? उत्तर याच सदरात छापून आलं तर मी कात्रण काढून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून,
कोल्हापूर