कोणाला तरी आधी ठाऊक असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात कोयता सापडला. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन रबरबँड लावून भूगोलाच्या पुस्तकामागे सरकवलेला. भांडण इन्स्टाच्या स्टेटसवरून. फाटकावर कॅमेरा आहे, त्याच्याखालूनच तो आत आला होता. मधल्या सुट्टीत त्याच्याच वर्गातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन "बाई, माझं नाव सांगू नका, पण..." म्हणाली, म्हणून कळले.

आता आमच्याकडे मेटल डिटेक्टरची चर्चा चालू आहे. जरूर बसवावेत. पण अमेरिकेत हे सगळे करून झाले आहे, तरी शाळांतले गोळीबार थांबले नाहीत. कोलंबाइन (१९९९), सँडी हुक (२०१२), तिथे तर २० चिमुरडी गेली. युवाल्डीत (२०२२) ३७० हून अधिक पोलीस जमले, तरी मारेकरी सत्याहत्तर मिनिटे आतच होता. १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. शाळेच्या आवारातला गोळीबार तिथे २०२१, २०२२, २०२३ असा दर वर्षी नवा उच्चांक गाठत गेला. त्यातल्या बहुतेक घटना हत्याकांडाच्या नव्हेत. पोरांची खुन्नस, धक्काबुक्की आणि हाताशी पिस्तूल. आपल्या कोयत्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने, शाळांवरच्या ठरवून केलेल्या हल्ल्यांचा अभ्यास केला. बहुतेक वेळा बेत कोणाला तरी, बहुधा मित्रालाच, आधी ठाऊक होता. बंदूकही बहुधा घरातलीच होती. आपल्याकडे गुरगावात २००७ साली आठवीतल्या दोघांनी शाळेतल्याच मुलाला गोळ्या घातल्या, ते पिस्तूल एकाच्या वडिलांचे. त्यानंतरचे उदाहरण उत्तराखंडमधल्या काशीपूरचे : ऑगस्ट २०२५ मध्ये नववीतल्या मुलाने जेवणाच्या डब्यातून पिस्तूल आणून एका शिक्षकावर झाडले.

म्हणून पुणे पोलिसांना विनंती आहे, शस्त्रपरवान्याचे नूतनीकरण करताना घरी जाऊन पाहा. बंदूक कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का, किल्ली मुलांना सापडेल अशी आहे का? आणि शाळांना पूर्णवेळ समुपदेशक द्या. आमच्या समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात, पंधराशे मुलांसाठी.

त्या मुलीचे नाव मला तीनदा विचारले गेले. मी सांगितले नाही. त्यानंतर आणखी दोन मुले आपणहून माझ्याशी बोलायला आली.

आपली,
एक शिक्षिका, हडपसर, पुणे