मिशिगनचा निकाल थानेदारांपुरताच?

मा. संपादक, स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या 8 नोव्हेंबर 2022 च्या मध्यावधी निवडणुकीत मिशिगनमधून श्री थानेदार प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि आपल्याकडे बेळगावच्या या सुपुत्राचे भरभरून कौतुक झाले. ते रास्तच आहे. पण त्यांचा डेट्रॉइटचा मतदारसंघ हा डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला. तिथली खरी लढत ऑगस्टमध्येच, पक्षांतर्गत निवडणुकीत उरकली होती. नऊ उमेदवारांत मते फुटली आणि थानेदार साधारण 28 टक्क्यांवर जिंकले, तेही स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात ओतून. जवळपास 70 वर्षांत प्रथमच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार नसेल, ही तिथली खंतही आपल्याकडच्या बातम्यांत यायला हवी होती.

त्याहून मोठी गोष्ट राज्याच्या निकालात आहे. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर पुन्हा निवडून आल्या, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याच्या प्रस्तावाला सुमारे 57 टक्के मते पडली आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहे (56-54 व 20-18) डेमोक्रॅट्सकडे गेली. राज्याची सगळी सूत्रे एकत्र हाती यायला या पक्षाला जवळपास 40 वर्षे वाट पाहावी लागली. 2018 मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी राज्यभरात जास्त मते त्यांनाच मिळाली होती. जागा मात्र रिपब्लिकनांना 58 आणि त्यांना 52! कारण मतदारसंघांच्या सीमा सत्ताधाऱ्यांनीच आखल्या होत्या.

त्याच वर्षी सामान्य नागरिकांनी चार लाखांवर सह्या गोळा करून सीमा आखण्याचा अधिकार विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे देण्याचा प्रस्ताव मतदानाला आणला आणि तो 61 टक्के मतांनी मंजूर झाला. आयोगात तेरा नागरिक: दोन्ही पक्षांचे चार-चार, कोणत्याच पक्षाचे नसलेले पाच. नऊ हजारांहून अधिक अर्जांतून त्यांची निवड सोडतीने झाली. मागच्या सहा वर्षांत उमेदवार किंवा पक्षाचा पदाधिकारी असलेल्याला प्रवेश नाही. त्याचे आईवडील, मुले, नवरा-बायको यांनाही नाही. (ही अट आपल्याकडे लावली तर किती अर्ज उरतील?) या आयोगाच्या नकाशावर झालेली ही पहिलीच निवडणूक. नकाशा निर्दोष नव्हता. डेट्रॉइटच्या वस्त्या शहराच्या सीमेवरील एट माइल रोडपलीकडच्या गोऱ्या उपनगरांना जोडल्याने आपल्या मतांचे बळ घटले, अशी कृष्णवर्णीय मतदारांची तक्रार होती आणि ती न्यायालयात गेली. पण ते नकाशे उघड बैठकांत, लोकांच्या डोळ्यांदेखत आखले गेले.

आणि आपल्याकडे? विधानसभा-लोकसभेची पुनर्रचना निदान निवृत्त न्यायमूर्तींच्या आयोगाकडे असते. महापालिकेत मात्र सरकार बदलले की प्रभाग बदलतात. मुंबईत आघाडी सरकारने 227 प्रभागांचे 236 केले, नव्या सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा 227 केले. पुण्यात चार नगरसेवकांचा प्रभाग तीनचा झाला, मग पुन्हा चारचा. मार्च 2022 पासून प्रशासकच कारभार पाहू लागले आणि आपला नगरसेवक कोण, हे विचारायची सोय उरली नव्हती.

आपल्या दैनिकाला एक विनंती. प्रभागांचा पुढचा प्रारूप आराखडा जाहीर होईल तेव्हा जुन्या आणि नव्या सीमांचे नकाशे शेजारी-शेजारी छापावेत, आणि हरकतींची मुदत संपण्याआधी छापावेत.

– एक वाचक, पुणे